'येतो' म्हणून गेलेल्यांचे ऋण

२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवारची दुपार होती. मी श्रूजबरीतल्या आमच्या घरासमोर होडीचे बूड घासत बसलो होतो. इतक्यात एक अनोळखी गाडी ड्राइव्हवेमध्ये येऊन थांबली. पन्नाशीची एक बाई उतरली. तिने मागची डिकी उघडली आणि दोन फेंडर बाहेर काढले. फेंडर म्हणजे हवा भरलेले रबरी लोड. दोन होड्या शेजारी शेजारी बांधल्या की एकमेकींना घासू नयेत म्हणून ते मधे टांगतात. दोन्हींवर काळ्या मार्करने इंग्रजीत लिहिले होते : 'सुवर्णाचे. परत द्यायचे.'

'सुवर्णा' हे आमच्या होडीचे नाव आणि ते अक्षर मी ओळखत होतो. ती बाई म्हणाली, "बाबा फेब्रुवारीत गेले. गराज आवरताना हे सापडले. त्यांनी ते वेगळे, खुंटीला टांगून ठेवले होते."

मी काय बोललो ते मला आठवत नाही. चहा घेणार का, असे विचारले असेन. आपण मराठी माणसे दुसरे काय विचारणार? ती थांबली नाही. ती गेल्यावर मात्र मी बराच वेळ ते दोन लोड मांडीवर घेऊन बसलो होतो. त्या माणसाशी मी पाच वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. भांडण नव्हते, गैरसमज नव्हता, कोणी गाव सोडून गेले नव्हते. तो रूट ९ वरच्या पुलापलीकडे, वूस्टरमध्ये, माझ्या घरापासून चार मैलांवर राहत होता. पाच वर्षांपूर्वी त्याने होडी विकली होती, एवढेच काय ते घडले होते.

आमची ती मैत्री होती की नव्हती? असेल, तर मी तिचे काय देणे लागत होतो? तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. आपल्या स्मरणिकेत तो मांडतो आहे, कारण लिहिता लिहिता लक्षात आले की हा फक्त होडीवाल्यांचा प्रश्न नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. माझे बालपण दापोली तालुक्यातले. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव आणि समोर समुद्रात उभा सुवर्णदुर्ग, हे रोजचे दृश्य. पण आमचे घर भिक्षुकीचे. त्यामुळे समुद्र बघायचा, त्यात शिरायचे नाही, असा घरचा दंडक. १९९७ साली नोकरीनिमित्त इकडे आलो आणि श्रूजबरीत घर घेतले. श्रूजबरी आणि वूस्टर यांच्या मधे क्विन्सिगामंड तळे आहे. सुमारे चार मैल लांब, चिंचोळे आणि चांगले खोल. १८६० च्या दशकात हार्वर्ड आणि येलच्या मुलांच्या वल्हवण्याच्या शर्यती या तळ्यावर होत असत आणि कॉलेजांच्या शर्यतींचे आणि या तळ्याचे नाते आजही आहे. ज्या काठावर आज व्हाइट सिटी नावाचे शॉपिंग सेंटर आहे, तिथे १९०५ पासून १९६० पर्यंत त्याच नावाचे मोठे करमणुकीचे उद्यान होते, असे इथले जुने लोक सांगतात.

या तळ्यावर २००३ साली मी एक जुनी, बावीस फुटी शिडाची होडी दोन हजार डॉलरला घेतली. बायकोच्या मनात त्या वर्षी स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा होता, ही नोंद इथे केली नाही तर घरात मला जेवण मिळणार नाही. होडीला छोटीशी केबिन आहे. कागदोपत्री चार माणसे झोपतात. प्रत्यक्षात दोन, तीही एकमेकांवर प्रेम असेल तर. तळाची वजनदार पाती चाक फिरवून वर घेता येते, त्यामुळे ती ट्रेलरवर चढवून कुठेही नेता येते.

पहिल्या दिवशी श्रूजबरीच्या बाजूच्या रॅम्पवर मी डोलकाठी उभी करायच्या खटपटीत होतो. तासभर झाला तरी ती उभी राहीना. शेजारच्या होडीतून एक साठीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस शांतपणे बघत होता. अखेर तो उठून आला आणि म्हणाला, "तू करतो आहेस ते सगळं बरोबर आहे. फक्त उलट्या क्रमाने." तो आयुष्यभर गवंडीकाम केलेला, नुकताच निवृत्त झालेला माणूस होता. मी घरी त्याचा उल्लेख 'तांडेल' असा करू लागलो. कोकणात होडीच्या मुख्य खलाशाला तांडेल म्हणतात. हे त्याला सांगितले तेव्हा तो इतका खूश झाला, की पुढे फोनवर स्वतःची ओळखही तशीच करून देऊ लागला.

तांडेलाने मला शीड बांधायला, वारा ओळखायला आणि मुख्य म्हणजे घाबरल्यावर काय करायचे नाही ते शिकवले. दोर विकत घ्यायला तो मला रूट ९ वरच्या स्पॅग्ज नावाच्या दुकानात घेऊन गेला. स्पॅग्जमध्ये सामान न्यायला पिशवी देत नसत, हे जुन्या श्रूजबरीकरांना आठवत असेल. आता ते दुकानही राहिलेले नाही. त्यानेच मला २००४ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मेळाव्याला नेले.

हे मेळावे म्हणजे काय ते सांगायला हवे. आमच्यासारख्या छोट्या होड्यांचे मालक वर्षातून दोन-तीनदा एखाद्या खाडीत जमतात. आमचे ठिकाण म्हणजे ऱ्होड आयलंडमधला नॅरागॅन्सेट उपसागर. ट्रेलर ओढत ब्रिस्टलपर्यंत जायचे, तिथे होडी पाण्यात सोडायची आणि प्रूडन्स बेटाच्या पॉटर कोव्हमध्ये नांगर टाकायचा. तिथे दुपारच्या नैऋत्येच्या वाऱ्याला चांगला आडोसा मिळतो. मग जी होडी सर्वांत मोठी आणि जिचा नांगर सर्वांत भक्कम, तिच्या दोन्ही अंगांना बाकीच्या एकेक करून बांधल्या जातात. सहा-आठ होड्या अशा बांधल्या की पाण्यावर एक वाडीच तयार होते. याला राफ्ट-अप म्हणतात.

या वाडीचे काही अलिखित नियम आहेत. फेंडर भरपूर लावायचे. शेजारच्या होडीची डोलकाठी आपल्या डोलकाठीच्या अगदी रेषेत येऊ द्यायची नाही. नाहीतर लाट आली की दोन्ही होड्या डोलतात आणि वरच्या वर काठ्या एकमेकींवर आपटतात. पलीकडच्या होडीवर जायचे असेल तर मधल्या होडीच्या पुढच्या भागावरून जायचे. मागे, जिथे त्या घरची माणसे बसलेली असतात, तिथून विचारल्याशिवाय जायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रात्री वारा वाढण्याची चिन्हे दिसली की गप्पा कितीही रंगलेल्या असोत, दोर सोडायचे आणि प्रत्येकाने वेगळे होऊन आपापल्या नांगरावर झोपायचे.

पहिल्यांदा मला हा शेवटचा नियम तुटकपणाचा वाटला. पण जवळीक टिकवायची तर मधे लोडही हवेत आणि वेळेवर सुटण्याची मोकळीकही हवी, हे मला पुढे संयुक्त कुटुंबातल्या भांडणांच्या बातम्या भारतातून फोनवर ऐकताना हळूहळू पटत गेले.

एका वर्षी मेळावा नेमका नारळी पौर्णिमेच्या आसपास आला. मी इंडियन ग्रोसरीतून नारळ घेऊन गेलो, हळदकुंकू वाहिले आणि समुद्राला अर्पण केला. सगळे कुतूहलाने बघत होते. पाच मिनिटांनी तांडेल माझ्यापाशी आला. त्याने आकडीच्या काठीने नारळ पाण्यातून उचलून आणला होता. "तुझं हे पडलं होतं," तो म्हणाला. पुढची कित्येक वर्षे नारळाच्या त्या गोष्टीवर आम्ही हसलो.

अशी दहा वर्षे गेली. २०१४ मध्ये त्याचे गुडघे गेले. होडीवर गुडघे नसतील तर काही नसते. त्याने होडी विकली. होडीवाल्यांमध्ये एक जुना विनोद आहे : माणसाच्या आयुष्यात दोन आनंदाचे दिवस, एक होडी घेतली तो आणि दुसरा ती विकली तो. पण विकल्यानंतरच्या दुसऱ्या दिवसाबद्दल कोणी काही सांगत नाही. शेवटच्या मेळाव्याच्या सकाळी आम्ही दोर सोडले, त्याने हात केला, "भेटू." मीही म्हणालो, "भेटू." माझे दोन फेंडर त्याच्याच होडीला लटकलेले राहिले, हे माझ्या घरी आल्यावर लक्षात आले. घेऊ की कधीतरी, असे म्हणालो.

ते 'कधीतरी' आले नाही. पहिल्या वर्षी कारण होते, की पुलाचे काम चालू आहे, तिकडे ट्रॅफिक फार असतो. २०१५ च्या सुमारास नवा बर्न्स पूल वापरात आला आणि ती सबबही संपली. मग मुलीची कॉलेजची धावपळ, मग आईचे आजारपण, भारताच्या फेऱ्या. खरे सांगायचे तर कारण एकच होते : भेटून बोलायचे काय? आमचे सगळे बोलणे वारा, दोर, भरती-ओहोटी आणि रंग यांविषयी होते. त्याच्या बायकोचे आडनाव मला माहीत नव्हते. त्याला मुलगी आहे हे माहीत होते. ती कुठे राहते ते माहीत नव्हते.

आणि आता जे सांगतो, ते सांगायला मला लाज वाटते. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब शर्यतीत एकटे जगप्रदक्षिणा करत होते. दक्षिण हिंदी महासागरात २१ सप्टेंबरच्या वादळात त्यांच्या 'थुरिया' होडीची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. ते केबिनमध्ये हलता न येता पडून होते. त्याच वादळात त्यांचा आयरिश प्रतिस्पर्धी ग्रेगर मॅकगकिन याचीही होडी मोडली होती. तरी त्याने तात्पुरती काठी उभी केली आणि आपली मोडकी होडी टॉमींच्या दिशेने हाकली. अखेर २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या मासेमारीवर गस्त घालणाऱ्या फ्रेंच जहाजाने टॉमींना वाचवले आणि नंतर मॅकगकिनलाही उचलले. त्या तीन रात्री मी नीट झोपलो नाही. दर तासाला बातम्या बघत होतो. 'थुरिया' गोव्याच्या दिवाड बेटावर बांधलेली. ज्या रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ती झाली, तिथेच आधी 'म्हादेई' बांधली गेली. त्याच 'म्हादेई'तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली होती. असे करणारे ते पहिले भारतीय. ही सगळी आपली माणसे, या भावनेने मी ऑफिसात भेटेल त्याला ही कथा सांगत होतो. समुद्रावरचे बंधुत्व कसे असते, प्रतिस्पर्धीसुद्धा कसा धावतो, यावर मी मंडळाच्या गणपतीत एका घोळक्याला छोटेसे भाषणच दिले होते.

त्याच सप्टेंबरमध्ये तांडेल हॉस्पिटलात होता. मला हे त्याच्या मुलीकडून नंतर कळले. हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसासाठी माझी झोप उडाली होती आणि चार मैलांवर माझा मित्र माझे फेंडर खुंटीला टांगून घरी परतायची वाट बघत होता.

त्या दिवशी संध्याकाळी हे सगळे बायकोला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, तुझी मैत्री त्याच्याशी होती की त्याच्या होडीशी?"

हा प्रश्न जुनाच आहे. ॲरिस्टॉटलने 'निकोमाखियन एथिक्स'मध्ये दोन प्रकरणे मैत्रीवर लिहिली आहेत. तो मैत्रीचे तीन प्रकार सांगतो : उपयोगासाठी केलेली, आनंदासाठी केलेली आणि माणसाच्या चांगुलपणावर उभी राहिलेली. पहिल्या दोन प्रकारांत आपण माणसावर नाही, तर त्याच्याकडून जे मिळते त्यावर प्रेम करतो. ते मिळणे थांबले की मैत्रीही विरते. गंमत म्हणजे याच ग्रंथात तो सहप्रवासी खलाशांचे उदाहरण देतो. एकाच जहाजातून जाणारे लोक एकमेकांना मित्र म्हणतात, आणि जितका त्यांचा सहवास तितकी त्यांची मैत्री, असे त्याचे म्हणणे. वाचून मला क्षणभर सुटल्यासारखे वाटले. जहाज संपले, मैत्री संपली. कोणाचा दोष नाही.

आपल्याकडे हीच गोष्ट अधिक सुंदर सांगितली आहे. समुद्रात वाहत आलेले दोन ओंडके भेटतात, क्षणभर सोबत राहतात आणि लाट येऊन त्यांना वेगळे करते, ही उपमा वाल्मीकि रामायणात राम भरताला समजावतो तिथे येते, महाभारतातही येते. गदिमांच्या गीतरामायणामुळे ती मराठी घराघरांत पोचली. परदेशात येऊन राहिलेल्या आपल्यासारख्यांना ती जरा जास्तच लागते. आपण सगळे असेच वाहत आलेले ओंडके. कोणी पुण्याहून, कोणी नागपूरहून, कोणी बेळगावहून. रूट ९ च्या आसपास काही वर्षे एकमेकांना लागून तरंगलो.

पण मी होडीवाला आहे, आणि म्हणून मला इथे एक शंका येते. ओंडक्याला सुकाणू नसते. होडीला असते. रामाने ती उपमा मृत्यूच्या आणि दैवाच्या संदर्भात दिली. पित्याच्या निधनाने शोक करणाऱ्या भावाला तो धीर देत होता. माझ्या आणि तांडेलाच्या मधे दैव आले नव्हते. आला होता तो फक्त एक पूल, आणि तोही नव्याने बांधून रुंद झालेला. जिथे सुकाणू हातात होते, तिथे मी लाटेचे नाव पुढे करत होतो. तत्त्वज्ञान सांत्वनासाठी असते, ते सबबीसाठी वापरले की खोटे होते.

ॲरिस्टॉटलकडेही मी पुन्हा गेलो आणि लक्षात आले की मी सोयीचे तेवढेच वाचले होते. पुढच्या प्रकरणात तो विचारतो, की मैत्री तुटल्यावर त्या माणसाशी कधी ओळखच नव्हती असे वागावे का? आणि सांगतो, नाही. पूर्वीच्या सहवासाची आठवण ठेवली पाहिजे आणि परक्यापेक्षा त्याला काही अधिक दिले पाहिजे. म्हणजे मैत्री संपू शकते, पण ती झाली होती ही गोष्ट संपत नाही.

आता याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे बघायला हवी. माझ्या एका मित्राने हे ऐकून मला झापले. तो म्हणाला, "अरे, प्रत्येक ओळखीचं ओझं जन्मभर वाहायचं ठरवलं तर माणूस नवीन ओळखच करणार नाही. राफ्ट-अपचा तुमचाच नियम आहे ना, वारा वाढला की सुटायचं?" हे खरे आहे. हलक्याफुलक्या मैत्रीलाही किंमत आहे. दहा वर्षे तांडेलाने मला त्याच्या दुःखांविषयी काही सांगितले नाही आणि माझी विचारली नाहीत. त्यात एक विश्रांती होती. सगळी नाती खोल असली पाहिजेत हा हट्टही एक प्रकारचा लोभच. आणि फोन त्यानेही केला नव्हता. मग सगळा दोष माझ्याच माथी का?

यावर मी बराच विचार केला. सुटणे आणि निघून जाणे यांत फरक आहे. राफ्ट-अपमध्ये दोर सोडताना आपण शेजाऱ्याला सांगतो, तो आपला दोर हातात घेतो, गुंडाळतो आणि आपल्या होडीवर फेकतो. रात्री न सांगता दोर कापून कोणी जात नाही. शिवाय सुटलेला माणूस त्याच खाडीत, हाकेच्या अंतरावर असतो. फोनचे म्हणाल, तर होडी त्याची गेली होती, माझी नाही. मेळावा त्याच्याविना चालू होता आणि मी त्यात होतो. ज्याच्या हातून काही सुटले आहे, त्याने येऊन दार वाजवावे ही अपेक्षा करणे म्हणजे नांगर नसलेल्या होडीने नांगरलेल्या होडीकडे यावे असे म्हणणे. जो आत आहे, पहिले पाऊल त्याचे.

समुद्रावर संकटात सापडलेल्याला मदत करणे हे आंतरराष्ट्रीय कायद्याने कर्तव्य आहे. मदत न करणाऱ्या कप्तानाला अमेरिकेत शिक्षाही होऊ शकते. मॅकगकिन कायद्यासाठी गेला नव्हता, हे उघड आहे. पण कायदा तरी आहे. जो बुडत नाही, नुसता किनाऱ्यावर बसून आहे, गुडघे धरून खिडकीतून बघतो आहे, त्याच्यासाठी कुठलाच कायदा नाही. तिथे फक्त आपली सद्सद्विवेकबुद्धी असते, आणि ती फार मोठ्याने बोलत नाही.

आमच्या इथून गाडीने दीड तासाच्या आत न्यू बेडफर्ड आणि त्याच्या समोरचे फेअरहेवन येते. ही एकेकाळची व्हेल शिकाऱ्यांची बंदरे. ही जहाजे दोन-दोन, तीन-तीन वर्षे घरी येत नसत. भर समुद्रात दोन जहाजे भेटली की थांबत. होड्या सोडून माणसे एकमेकांच्या जहाजावर जात, गप्पा होत. त्याला ते 'गॅम' म्हणत. हर्मन मेलव्हिलने 'मोबी डिक'मध्ये (१८५१) या प्रथेवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. घरून निघालेली जहाजे इतरांची पत्रे बरोबर नेत. न जाणो, कुठे गाठ पडली तर. बारा महिन्यांपूर्वीचे पत्रसुद्धा तिथे ताजे असे. फेअरहेवनलाच एका म्हाताऱ्या व्हेल-कप्तानाने कामाच्या शोधात असलेल्या जोशुआ स्लोकमला शेतात पडलेली एक कुजकी होडी देऊन टाकली. स्लोकमने तेरा महिने खपून ती नव्याने बांधली. ते बांधकाम चालू असताना जुने कप्तान येऊन गप्पा मारत बसत. १८९५ च्या एप्रिलमध्ये बोस्टनहून निघून १८९८ च्या जूनमध्ये परतलेला हा माणूस जगप्रदक्षिणा एकट्याने करणारा पहिला ठरला. 'एकट्याने' हा शब्द आपण किती सहज वापरतो! त्याच्या होडीखाली दुसऱ्याने दिलेले लाकूड नव्हते तरी दुसऱ्याने दिलेली सुरुवात होती.

मंडळी, आता आपल्याकडे येतो. आपल्या मंडळातल्या मैत्रीही अशाच. मुले मराठी शाळेत असतात तोवर दर रविवारी पार्किंग लॉटमध्ये उभे राहून आपण तासन् तास बोलतो. नाटकाच्या तालमी, ढोलताशा, गणपतीच्या मोदकांची मोजदाद. २०१३ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन प्रॉव्हिडन्सला झाले, तेव्हा तयारीच्या काळात काही कुटुंबांशी आमचे रोजचे जाणेयेणे होते. मग मुले कॉलेजला जातात, नाटक संपते, कोणाची नोकरी जाते, कोणी आजारी पडते, कोणाचा जोडीदार जातो. ज्या निमित्ताने भेटत होतो ते निमित्त संपते आणि माणूसही यादीतून गळतो. कोणी वाईट वागत नाही. एक दिवस इंडियन ग्रोसरीत, कढीपत्त्याच्या फ्रीजसमोर तो भेटतो आणि आपण दोघेही म्हणतो, "अरे, भेटायला हवं एकदा." त्या 'एकदा'ची तारीख कोणाच्याच कॅलेंडरवर नसते.

या बाबतीत आपली भाषा आपल्यापेक्षा शहाणी आहे. 'निरोप' हा एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. निरोप घेणे म्हणजे वेगळे होणे, आणि निरोप पाठवणे म्हणजे वेगळे झाल्यावरही बोलत राहणे. जणू ज्याने नीट निरोप घेतला, त्याने पुढे निरोप पाठवणे ओघानेच आले. आणि दारातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही. माझी आजी लहानपणी त्यावरून रागवायची. 'येतो' म्हणायचे. तेव्हा ते मला शुभ-अशुभाचे वाटायचे. आता वाटते, ते वचन आहे. जाणारा माणूस उंबऱ्यावर एक छोटेसे कर्ज करून ठेवतो : मी परत येईन. मैत्रीने कायम टिकावे असे मी म्हणत नाही. पण जितक्यांदा 'येतो' म्हटले, तितक्यांचे काही देणे शिल्लक राहते. आणि ते फार मोठेही नसते : एक फोन, अर्धा तास, परत न्यायचे दोन फेंडर. ते देणे तांडेलाने लक्षात ठेवले, मी नाही. ज्या माणसाला मी होडीपुरता मित्र समजत होतो, त्याने होडी गेल्यावरही माझे नाव लिहून खुंटी अडवून ठेवली होती.

त्या वर्षी जूनमध्ये मी त्याच्या मुलीला फोन केला आणि तिला मेळाव्याला बोलावले. ती आली. जुन्या मंडळींनी तिला तिच्या वडिलांच्या गोष्टी सांगितल्या. त्यांतल्या निम्म्या तिला माहीत नव्हत्या. नारळाची गोष्ट मी सांगितली. ती हसली आणि मग रडली. हे मी पुण्य म्हणून सांगत नाही. ज्याला द्यायचे होते त्याला ते मिळालेच नाही, आणि उशिरा फेडलेले कर्ज हे उशिरा फेडलेलेच राहते.

तेव्हापासून मी एक साधी गोष्ट करतो. फ्रीजवर एक कागद लावला आहे. आधी होडी असलेल्या आणि आता नसलेल्या चार जणांची नावे त्यावर आहेत. मराठी शाळेच्या काळातल्या, आता मंडळात न दिसणाऱ्या तीन कुटुंबांचीही आहेत. महिन्यातून एका रविवारी त्यांतल्या एकाकडे जातो. बोलायला विषय नसतो. तो लागत नाही, हे आता कळले आहे. पुलापलीकडे एक काका राहतात. काकू गेल्यापासून बाहेर पडत नाहीत. त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी दार उघडले आणि विचारले, "काय काम काढलंत?" मी म्हणालो, "काही नाही, सहज." ते बाजूला झाले आणि म्हणाले, "मग बसा. चहा टाकतो."

निघताना उंबऱ्यावर मी म्हणालो, "येतो, काका." आणि घरी येऊन आधी कॅलेंडरवर पुढचा रविवार लिहून टाकला.